मारोतीभाऊंनी केलेली एकच लबाडी

मारोतीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. टेबलावर ओळीनं डहाळ्या मांडलेल्या, प्रत्येकीपुढे आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि माझ्या हातात घंटी. घंटी वाजली की मुलांनी पुढच्या डहाळीकडे सरकायचं आणि झाडाचं नाव, कूळ, एखादं लक्षण लिहायचं. फोनवर आमच्या विभागातला सहकारी होता. म्हणाला, मॅडम, आपले मारोतीभाऊ सकाळी गेले, छातीत दुखतं म्हणून यवतमाळला नेत होते, वाटेतच... मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि घंटी वाजवायची विसरले. चौथ्या डहाळीपुढे एक मुलगी अडकली होती. तिला नाव येत नव्हतं, पण ती पान उलटून पाहत नव्हती, चुरडून वास घेत नव्हती. पाठ केलेल्या यादीतलं कोणतं नाव इथं बसेल एवढंच आठवत होती. शेवटी तिनं अंदाजानं काहीतरी लिहिलं. मी तिला पास केलं. आम्ही सगळ्यांनाच करतो. उद्या तिच्या हातात पदवी येईल आणि तिला वनस्पती कळतात असं त्या कागदावर विद्यापीठ छापून देईल.

याला आता पाच आठवडे झाले. मारोतीभाऊंविषयी हळवं बोलून सगळ्यांचं झालं आहे. मला हळवं लिहायचं नाही. मला दोन माणसांवरचा राग काढायचा आहे, आणि त्यातली एक मी आहे.

मारोती टेकाम आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. गाव झरी जामणीच्या जंगलातलं कोलामांचं पोड, म्हणजे पंधरावीस घरांची वस्ती. दहावीला इंग्रजीत नापास झाले आणि नातेवाइकाच्या ओळखीनं कॉलेजात झाडू मारायला लागले. त्यांना विभागात आणलं ते आमच्या सरांनी. सरांचं नाव मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सर तेव्हा तरुण प्राध्यापक होते, जिल्ह्यातल्या रानझाडांवर पीएच.डी. करत होते, आणि त्यांना रान माहीत असलेला माणूस हवा होता. सर जीप घेऊन निघायचे. जीप पक्का रस्ता संपला की थांबायची, सर सावलीत वाचत बसायचे आणि मारोतीभाऊ डोंगर चढून डहाळ्या घेऊन यायचे. फुलासकट, फळासकट, शक्य असेल तर मुळासकट. त्या वर्तमानपत्रात दाबायच्या, रोज कागद बदलायचे, वाळल्या की जाड कागदावर डिंकानं चिकटवायच्या आणि कोपऱ्यात नावाची चिठ्ठी लावायची. अशा शेकडो शीट आमच्या संग्रहाच्या कपाटांत आहेत. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मारोतीभाऊंचं आहे. ‘संकलन’ आणि ‘ओळख’ या दोन्ही शब्दांपुढे नाव सरांचं आहे.

मी त्या कॉलेजात शिकायला आले तेव्हा मला पळस आणि कडुनिंब सोडून झाड ओळखू येत नव्हतं. वडील नेरला एसटीत कंडक्टर. शिकून मास्तरीण व्हावं एवढीच घरची अपेक्षा होती. पहिल्या वर्षी सरांनी कुळांची लक्षणं फळ्यावर लिहिली, आम्ही ती उतरवून घेतली, परीक्षेत परत लिहिली. मारोतीभाऊंनी एकदा मला मागच्या अंगणात बोलावलं आणि डोळे मिटायला लावले. हातात एक पान दिलं. ते खरखरीत होतं, चुरडल्यावर हिरव्या कैरीसारखा वास आला. दुसरं दिलं, ते मऊ, केसाळ. तासाभरात त्यांनी मला बारा झाडं शिकवली आणि मी एकाकडेही बघितलं नव्हतं. मग म्हणाले, “आता डोये उघड अन् पुस्तकात पाह्य. पुस्तक खोटं नाई बोलत, फक्त त्याले नाक नसते.” पुस्तकांविषयी त्यांना कधी तुच्छता वाटली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण शोकसभेत काही जणांनी त्यांना रानातला अडाणी ज्ञानी करून टाकलं. सरांच्या कपाटातली जाड इंग्रजी पुस्तकं ते दुपारच्या सुटीत उघडून बसत. लॅटिन नावं कोलामीच्या चालीत म्हणत, पण एकही चुकवत नसत. भिंगाखाली फूल उघडून अंडाशयाचे कप्पे मोजायला ते आमच्यासोबतच शिकले आणि आमच्यापेक्षा लवकर शिकले. कॉलेजात शिकण्यासारखं पुष्कळ असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या इमारतीत ते सगळं ज्या एका माणसानं शिकून घेतलं, त्याला तिनं शेवटपर्यंत शिकलेला मानलं नाही.

एम.एस्सी. करून मी त्याच विभागात लागले आणि सरांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मारोतीभाऊ मला अहोजाहो करायला लागले. त्या काळात त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून, आधी दहावी आणि मग बारावी काढली. त्यापुढे नोकरी सांभाळून विज्ञान शिकायची सोय नव्हती, म्हणून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. विषय इतिहास आणि लोकप्रशासन. मी विचारलं, याचा तुम्हाला काय उपयोग? ते म्हणाले, “तुमचे बाबा कंडक्टर होते ना? पास दाखवला का माणसाले सीटवर बसू देते. त्याले गाडी चालवता येते का, हे कोनी नाई इचारत. मले फक्त बसाचं आहे, मॅडम. चालवता तं येते मले.”

बसायची वेळ दोन वर्षांनी आली. संस्थेनं वनस्पतिसंग्रहासाठी सहायकाचं पद काढलं. जाहिरातीत ‘विज्ञान पदवीधर’ होतं, तरी मारोतीभाऊंनी अर्ज केला, प्राचार्यांनी मुलाखतीला बोलावलंही. निवड समितीत सर होते, बाहेरचे एक तज्ज्ञ होते आणि विभागाची प्रतिनिधी म्हणून मी होते. तज्ज्ञांनी टेबलावर पाच डहाळ्या ठेवल्या. पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेला एक उमेदवार आला, त्यानं दोन ओळखल्या, त्यातली एक चुकीची. मारोतीभाऊ आले. त्यांनी पाचही डहाळ्यांची मराठी, कोलामी आणि लॅटिन नावं सांगितली आणि चौथी डहाळी रस्त्याकडेच्या लागवडीतली आहे, रानातली नाही, हेही सांगितलं. तज्ज्ञ माझ्याकडे बघून हसले. मग सर म्हणाले, मारोती, हे सगळं इंग्रजीतून समजावून सांग. मारोतीभाऊ इंग्रजी वाचू शकत, बोलू शकत नव्हते. हे सरांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते उभे राहिले, एक वाक्य सुरू केलं, अडकले, पुन्हा सुरू केलं. सर म्हणाले, “बी.ए.वाले आता वनस्पतिशास्त्र चालवणार म्हणजे कठीण आहे.” बाहेरचे तज्ज्ञही हसले. मी हसले नाही, पण मी बोललेही नाही. माझा प्रबंध सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. निवडीचा कागद आला, दोन डहाळ्यांवाल्याचं नाव वर होतं, मी त्याखाली सही केली. बाहेर मारोतीभाऊ चहाचे कप गोळा करत होते. मुलाखतीच्या दिवशीही ते काम त्यांचंच होतं.

पुढं सरांनी त्यांचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. जिल्ह्याची वनसंपदा, रंगीत चित्रांसह, इंग्रजीत. राहिलेले नमुने आण, म्हणून मारोतीभाऊंना पुन्हा डोंगरावर धाडलं. तो ग्रंथ छापून आला, त्याला पुरस्कार मिळाला, सर संस्थेच्या कार्यकारिणीवर गेले, निवृत्तीनंतरही कॉलेजात त्यांची खोली राहिली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एका शीटचा फोटो आहे. कुड्याची फांदी, तिला जोडीनं लोंबणाऱ्या लांब सुट्या शेंगा. आत सरांनी त्यावर दोन पानं लिहिली आहेत, की हा कुड्याचा आपल्याच जिल्ह्यात सापडणारा वेगळा प्रकार आहे आणि तो पहिल्यांदा आपण नोंदवला. आमची मुलं गेली कित्येक वर्षं परीक्षेत ते लिहितात आणि त्यांना गुण मिळतात.

मारोतीभाऊ निवृत्त होऊन पोडावर राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना बरं नाही असं कळल्यावर मी भेटायला गेले होते. अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या पत्नी, जंगूवहिनी, टोपलीतली चारोळी निवडत होत्या. वहिनी पाणी आणायला आत जाईपर्यंत मारोतीभाऊ थांबले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मी एक लबाडी केली हाये.” मग सांगितलं. आपल्याकडे कुडे दोन. काळ्या कुड्याची पानं अरुंद, वाळली की काळी पडतात, आणि त्याच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याची पानं रुंद आणि शेंगा सुट्या. पोडावरच्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं, कारण एकाची साल औषधाला लागते आणि दुसऱ्याची चालत नाही. मुलाखतीनंतरच्या त्या मोसमात मारोतीभाऊंनी काळ्या कुड्याची फांदी घेतली, तिच्या शेंगा खुडल्या आणि तिथं पांढऱ्या कुड्याच्या शेंगा डिंकानं बसवल्या.

मी विचारलं, सरांना फसवायला? “फसवाले नाई,” ते म्हणाले. “ मले वाटलं, पाह्यतीन, हासतीन, मले बोलावतीन. मारोत्या, हे काय करून ठेवलं, म्हनतीन. एकदा तरी मी केलेल्या कामाकडे नीट पाह्यतीन... त्याईनं पाह्यलंच नाई. फोटो काढला अन् छापून टाकला. मंग सांगाची हिंमत नाई झाली.” इतक्या वर्षांत त्यांच्या हातून झालेली ती एकच खोटी शीट, आणि तीच सगळ्यांत प्रसिद्ध झाली. मला मनातून फार आनंद झाला होता, तो त्यांना दिसला असावा. ते म्हणाले, “हासू नका. पोरं चुकीचं शिकून राह्यले. तुमी ते शीट काढून टाका अन् खरं काय ते लिहून ठेवा.” मी काढते म्हणाले. आणि मी काढलं नाही. माझ्या बढतीची फाईल त्या वर्षी कार्यकारिणीपुढे होती. बढती झाल्यावर मग काय घाई, असं वाटलं. दोन वर्षं मी त्या कपाटावरून रोज गेले.

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. पहिल्या रांगेत जंगूवहिनी बसल्या होत्या, खांद्यावर संस्थेनं दिलेली शाल. अध्यक्ष अर्थात सर. ते म्हणाले, मारोती हा संस्थेचा निष्ठावंत सेवक होता. म्हणाले, तो आला तेव्हा त्याला काही येत नव्हतं, मी त्याला एकेका झाडाचं नाव शिकवलं, शिक्षण नसतानाही माणूस किती पुढे जाऊ शकतो याचं तो उदाहरण होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मारोती टेकाम पदवीधर होते, हे त्या हॉलमध्ये कुणालाही आठवलं नाही.

माझी बोलायची पाळी आली. मला अचानक संताप अनावर झाला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी ठरवून गेले होते. सकाळीच कपाटातून ती शीट काढून प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती. ती मी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मारोतीभाऊंनी आणलेला हा नमुना सरांच्या ग्रंथामुळे सगळ्यांना माहीत आहे, सरांनी मुलांना त्याविषयी दोन शब्द सांगावेत. सर खूश झाले. उठून दहा मिनिटं बोलले. पानांचा आकार, शेंगांची ठेवण, दुर्मिळता, त्यांना तो कसा पहिल्यांदा दिसला. मी त्यांना थांबवलं नाही. उलट एक प्रश्न विचारून आणखी बोलायला लावलं. त्यांचं झाल्यावर शीट उचलून पहिल्या रांगेपाशी गेले आणि विचारलं, “वहिनी, हे कोणतं झाड?”

जंगूवहिनींनी शाल बाजूला ठेवली. शीट मांडीवर घेतली, पानावरून बोट फिरवलं, वाकून वास घेतला. मग शेंगेच्या देठाशी नख लावलं. हॉल शांत होता, त्यामुळे त्यांचा आवाज मागपर्यंत गेला. “पानं काया कुड्याचे हायेत. शेंगा पांढऱ्याच्या. चिकटवल्या कोनीतरी.” आणि नखानं हलकेच उचकलं, तशी एक शेंग जुन्या डिंकाच्या पापुद्र्यासकट निघून त्यांच्या हातात आली. सर खुर्चीतून अर्धे उठले. समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, हे शास्त्र आहे, तुम्हाला त्यातलं समजणार नाही.” वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना रागही आला नव्हता. “मले शास्त्र नाई समजत,” त्या म्हणाल्या, “कुडा समजते.”

मागं कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. मुलाखतीच्या खोलीत जसं हसले होते तसंच. सरांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, एक क्षणही नजर काढली नाही. चांगल्या बाईनं अशा वेळी ओशाळावं, म्हातारा माणूस आहे म्हणून कीव करावी. मला कीव आली नाही. मला बरं वाटलं, पोट भरल्यासारखं. आज लिहितानाही वाटतं आहे.

बाहेर आल्यावर वहिनींनी मला गुलमोहराखाली थांबवलं. म्हणाल्या, त्या शेंगा त्याईनंच लावल्या होत्या ना? मी हो म्हटलं. त्यांनी तो डिंक ओळखला होता, धावड्याचा, घरूनच न्यायचे ते. “त्याईले लाज वाटली असती आज,” त्या म्हणाल्या. “मले नाई वाटली. पन बाई, तुनं उशीर केला. ते जित्ते असताना कराचं होतं हे.” त्या शाल माझ्या हातात देऊन बसस्टँडकडे चालत गेल्या. ती शाल अजून माझ्याकडेच आहे, कॉलेजला परत करावी की जाळावी हे ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आधी म्हणाले, तुझ्या मारोतीनं माझी फसवणूक केली, मी हे लिहीन. मी म्हटलं, जरूर लिहा, पण फसलो हे कळायला इतकी वर्षं का लागली तेही लिहा. मग त्यांनी आवाज उतरवला. म्हणाले, तुझ्या प्रबंधातली झाडं कोणी ओळखली होती हे मलाही माहीत आहे, मी तोंड उघडलं तर तुझ्या पीएच.डी.चं काय राहील? मी म्हणाले, “उघडा सर. नाहीतर मीच उघडते.”

म्हणून हे लिहिते आहे. माझ्या प्रबंधातली बहुतेक झाडं मारोतीभाऊंनी ओळखली होती. मी त्यांची वर्णनं केली, तक्ते केले, इंग्रजी केलं. ते काम खोटं नव्हतं, पण ते नंतरचं काम होतं. ऋणनिर्देशात मी सरांचे, प्राचार्यांचे, यजमानांचे, सासूसासऱ्यांचे आभार मानले आहेत आणि शेवटी लिहिलं आहे, ‘तसेच प्रयोगशाळेतील कर्मचारी.’ त्या पदवीवर मला नोकरी मिळाली, घर झालं, नावापुढे डॉक्टर लागलं. मला झाडं येतात की नाही हे आजवर कुणीही तपासलेलं नाही. आता येतात, कारण मारोतीभाऊंनी शिकवली. विद्यापीठानं फक्त तसं प्रमाणपत्र दिलं, आणि ते ज्याला द्यायला हवं होतं त्याच्याकडून चहाचे कप उचलून घेतले.

कुड्याची शीट मी दुरुस्त केली. फांदी वेगळी, शेंगा वेगळ्या, दोन नव्या चिठ्ठ्या, आणि ‘ओळख’पुढे मारोती टेकाम. कपाटांतल्या बाकीच्या शीटही आता एकेक करून तशाच करते आहे. ते काम माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल.

आणखी एक केलं. जंगूवहिनींना आठवड्यातून एकदा आमच्या मुलांना रानात शिकवायला बोलवावं, असा प्रस्ताव विभागातर्फे दिला. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, पोरी चालतीन माह्यासंगं, पोरं वटवट करतात. प्राचार्यांनी फॉर्म दिला. त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता, मी तिथं ‘नाही’ असं ठळक लिहिलं. पात्रता नसलेल्या तज्ज्ञाला बोलवायचं तर कार्यकारिणीच्या शैक्षणिक सदस्याची विशेष मान्यता लागते. आमच्या संस्थेत ते सदस्य सर आहेत. दुसऱ्या कुणाची सही चालत नाही, हे मी नियमावली वाचून खात्री करून घेतलं आहे.

गेले तीन सोमवार मी सरांच्या खोलीवर जाते आहे. दारापाशी एक लोखंडी स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून बसलं की माणूस किंचित डावीकडे कलतो. आमच्या फाईली घेऊन मारोतीभाऊ त्यावर तासन् तास बसलेले मी पाहिले आहेत, सर आतून हाक मारेपर्यंत. त्यांना तसंच डावीकडे कलून बसायची सवय लागली होती, बाजेवरसुद्धा ते तसेच बसायचे. परवा सरांनी दार उघडलं तेव्हा मी त्या स्टुलावर होते. ते म्हणाले, फॉर्म अजून वाचतोय, नंतर ये.

“वाचा सर, सावकाश वाचा,” मी म्हणाले. “मी बसते.”